शॉट नसलेला दिवस

यंत्र बंद आहे, म्हणून मला इतक्या जवळ येऊ दिलंय. गांधीनगरजवळच्या भाट इथली प्लाझ्मा संशोधन संस्था, आदित्य-यू टोकामॅकचा हॉल, सकाळचे साडेनऊ. यंत्र चालू असतं तेव्हा इथे माणूस नसतो. दार लागतं, किल्ली इंटरलॉकमध्ये बसते आणि सगळे भिंतीपलीकडे पडद्यांसमोर जाऊन बसतात. आज दार सताड उघडं आहे. एका टेबलावर पाने, नटबोल्टचे ट्रे, मोजून ठेवलेले वॉशर. डोक्यावरून विमान जातं, अहमदाबादचा विमानतळ जवळच आहे. इथलं कुणी मान वर करून पाहत नाही.

आधी नुसत्या केबलीच दिसतात. मग डोळा सरावतो. तांब्याच्या 20 चौकटी, म्हणजे चुंबकाच्या गुंडाळ्या, वर्तुळात उभ्या आहेत आणि त्या सगळ्यांच्या पोटातून एक पोलादी नळी गोल फिरून स्वतःलाच मिळते. या कड्याची त्रिज्या पाऊण मीटर, आणि आतल्या प्लाझ्माची त्रिज्या पाव मीटर. एवढ्याशा जागेत हायड्रोजन लाखो अंशांना तापून प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, होतो आणि चुंबकाच्या जोरावर भिंतीपासून दूर धरला जातो. अशा यंत्राला टोकामॅक म्हणतात. किती वेळ? सेकंदाचा काही हिस्सा. त्या एका झटक्याला इथे ‘शॉट’ म्हणतात. आज शॉट नाही. आज साफसफाई, तपासणी आणि एक खिडकी बदलणं.

काम सुरू करतात ते सगळ्यांचे ‘काका’. साठीला टेकलेले, मूळचे भुसावळचे, गुजरातेत अर्धं आयुष्य गेलेलं. मराठी बोलताना मध्येच ‘बराबर’ येतं, आणि पुढचं वाक्य पुन्हा खानदेशी वळणावर जातं. त्यांच्या हातात लांब दांड्याची आकडी आहे, तिची तार जमिनीत गाडलेल्या पट्टीला जोडलेली. कपॅसिटरमध्ये उरलेली वीज जमिनीत जावी म्हणून त्याच्या प्रत्येक टोकाला ते ती टेकवतात, थांबतात, पुढच्या टोकाला जातात.

‘‘मीटर तर शून्य दाखवतंय,’’ मी म्हणतो.

‘‘दाखवू द्या. मीटरची तार तुटली तरी शून्यच दाखवतं.’’

शेवटच्या टोकाला आकडी तशीच अडकवून ठेवतात. काम संपेपर्यंत ती तिथेच राहणार. शेजारच्या वहीत वेळ लिहिली जाते, सही होते. मगच बाकीच्यांना आत यायची खूण. चार जण आत येतात. त्यांत एक तरुण अभियंता मुलगी आहे, बडोद्याची मराठी. तिला सगळे ‘बेन’ म्हणतात आणि काका ‘ताई’ म्हणतात.

आजच्या कामाची जागा म्हणजे नळीला फुटलेल्या अनेक तोंडांपैकी एक. या तोंडांना पोर्ट म्हणतात. कुठे पंप, कुठे कॅमेरा, कुठे वायू सोडणारी झडप. या पोर्टवर काचेची खिडकी आहे, तिच्यातून प्लाझ्माचा प्रकाश बाहेरच्या उपकरणाकडे जातो. शॉटमागून शॉट झाले की आतल्या ग्रॅफाइटमधून उडालेला कार्बन काचेवर बसतो आणि खिडकी मंद होत जाते. उपकरण म्हणतं प्रकाश कमी झाला. खरं तर काच काळवंडलेली असते. प्रकाश मोजून निष्कर्ष काढणाऱ्याला हा फरक कळायलाच हवा, म्हणून ठरावीक काळाने काच काढायची, तपासायची, बदलायची.

नळी कालच उघडायला तयार केली आहे. आत निर्वात असताना बोल्ट सोडून चालत नाही, आणि आत नुसती बाहेरची हवाही घ्यायची नसते. कोरडा नायट्रोजन सोडतात. हवेतल्या बाष्पाचा इथे फार धाक आहे. पाण्याचे रेणू पोलादाला चिकटतात, ग्रॅफाइटमध्ये मुरतात, आणि पंप लावला की दिवसेंदिवस थोडेथोडे सुटत राहतात. गुजरातेतल्या पावसाळ्यात तास-दीड तास पोर्ट उघडं राहिलं तर त्याची भरपाई पुढे कित्येक दिवस करावी लागते, असं ताई सांगते. म्हणून उघडं तोंड लगेच झाकायचं, आत नायट्रोजनचा बारीक प्रवाह चालू ठेवायचा, आणि लागणारी प्रत्येक वस्तू आधीच हाताशी मांडायची.

बोल्ट निघतात. काका काच बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवतात. तिच्यावर तपकिरी छटा आहे, मध्यभागी दाट, कडेला विरळ. तिच्याबरोबर निघतं तांब्याचं कडं, म्हणजे गॅस्केट. दोन्ही बाजूंच्या पोलादी फ्लँजला आतून धारदार कड असते. बोल्ट आवळले की ती मऊ तांब्यात रुतते आणि जोड बंद होतो. गॅस्केट एकदाच वापरायचं. जुनं कितीही चांगलं दिसलं तरी भंगारात. नवा आलेला शिकाऊ मुलगा ते उचलून उजेडात धरतो, म्हणतो, ‘‘काका, हे तर नवंच दिसतंय.’’ काका उत्तर देत नाहीत. धारेने पाडलेल्या खोबणीवरून त्याला नख फिरवायला लावतात, एवढंच.

मग दुर्बीण आत जाते. टोकाला दिवा असलेली लवचिक नळी, दुसऱ्या टोकाला पडदा. पडद्यावर ग्रॅफाइटच्या फरशा दिसतात. यांना लिमिटर म्हणतात. प्लाझ्मा भरकटला तर पोलादी भिंतीला न लागता आधी यांना लागावा, म्हणून त्या पुढे काढलेल्या असतात. ग्रॅफाइट वितळत नाही, आणि त्याचा कण प्लाझ्मात गेलाच तरी कार्बन हलका असतो; लोखंड किंवा निकेल गेलं तर त्याहून कितीतरी अधिक ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडून प्लाझ्मा थंड होतो. ताई पडदा थांबवून एका फरशीच्या कडेकडे पाहत राहते, फोटो काढते, पुढे सरकवते. मला सगळं सारखंच काळं दिसतं. तिला तिथे प्लाझ्मा कुठे जास्त टेकतो त्याची खूण दिसते. वरच्या बाजूला अधिक की खालच्या, यावरून प्लाझ्मा मध्यावर बसत होता की नाही हे कळतं.

नवी काच बसवताना सगळ्यांच्या हातात दुहेरी मोजे. बोटाचा ठसाही चालत नाही. त्यातलं तेल आत हळूहळू वायू सोडत राहतं. कापडसुद्धा साधं नाही, धागा न सुटणारं. त्यावर अल्कोहोल टाकून फ्लँज एकाच दिशेने पुसायचा, पुसलेली बाजू पुन्हा लावायची नाही. बोल्ट आवळायचे तेही ओळीने नाहीत. एक इथला, मग समोरचा, मग काटकोनातला, मग त्याच्या समोरचा. टॉर्क रेंच ‘कट’ वाजला की थांबायचं, पुढच्या फेरीत आकडा थोडा वाढवायचा. घाई केली तर तांबं एका बाजूला जास्त दबतं आणि जोड तिरका बसतो. शिकाऊ मुलगा मोठ्याने मोजतो. तिसऱ्या फेरीला त्याचा आवाज खाली येतो, चौथ्या फेरीला तो नुसता ओठ हलवतो.

मी तांब्याच्या चौकटींच्या सांध्यांकडे पाहत असतो, ते काकांच्या लक्षात येतं.

‘‘ह्या उघडतात. म्हणून जमलं,’’ ते म्हणतात.

जमलं काय, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. आदित्य हा भारतात बांधलेला पहिला टोकामॅक. तो 1989 साली सुरू झाला. ही संस्थाही तेव्हा नवीनच. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत 1982 मध्ये सुरू झालेला प्लाझ्मा कार्यक्रम 1986 मध्ये स्वतंत्र संस्था झाला. प्रेधिमान कृष्ण काव तिचे संस्थापक संचालक. जुन्या आदित्यची पोलादी नळी चौकोनी छेदाची होती. पंचवीसेक वर्षं त्या यंत्राने काम केलं, मग जगाचे प्रश्न बदलले. मोठ्या यंत्रांत प्लाझ्माचा कचरा आणि उष्णता एका ठरावीक बाजूला वळवून काढतात, त्या रचनेला डायव्हर्टर म्हणतात. त्याचे प्रयोग चौकोनी नळीत करायला जागाच नव्हती. नळी गोल छेदाची केली तर कोपरे मोकळे होतात आणि तिथे डायव्हर्टरच्या गुंडाळ्या बसतात.

पण ती नळी 20 चौकटींच्या आतून ओवलेली. चौकटी कायमच्या बंद असत्या तर जुनी नळी तुकडे केल्याशिवाय बाहेर निघाली नसती. 1980 च्या दशकात ज्यांनी यंत्र आखलं त्यांनी चौकटी उघडता येतील अशा ठेवल्या. 2015 मध्ये सगळं उकललं गेलं, नवी नळी आली, आणि डिसेंबर 2016 मध्ये आदित्य-यूमध्ये पहिला प्लाझ्मा पेटला. नावातला ‘यू’ म्हणजे अपग्रेड.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती काय बदललं ही नाही, काय ठेवलं ही. तांब्याच्या गुंडाळ्या जुन्याच. त्या काढल्या, साफ केल्या, सांधे घासले, विजेचा रोध मोजला आणि परत उभ्या केल्या. दीड टेस्ला चुंबकीय क्षेत्र हवं तर या सांध्यांतून हजारो अँपिअर वाहतात. एका सांध्यात किंचित जादा रोध राहिला तर उष्णता तिथेच साचते आणि पुढच्या शॉटला तो सांधा आणखी बिघडतो. सगळं नवीन घ्या म्हणणारे कुठल्याही संस्थेत असतातच, आणि त्यांचा अहवाल नेहमी जाड असतो. जुनं तपासून ठेवायला जास्त अक्कल लागते, कारण त्यासाठी प्रत्येक सांध्याशी बसावं लागतं.

खिडकी बसली. आता मेगर. हे पेटीएवढं यंत्र मोठं व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासतं. इथे तपासायचं आहे ते असं: पोलादी नळी अखंड कडं नाही, तिच्या जोडात विद्युतरोधक थर आहे. मधल्या ट्रान्सफॉर्मरने नळीभोवती व्होल्टेज निर्माण होतं आणि वायूत प्रवाह सुरू होतो. नळी अखंड असती तर तोच प्रवाह वायूऐवजी पोलादातूनही धावला असता. म्हणून त्या जोडावरचे बोल्टही रोधक नळ्यांमध्ये बसवलेले. कुणाचा एक वॉशर तिथे आडवा राहिला, कुणी सोयीसाठी एखादी धातूची पट्टी अडकवली, तर काम थांबलं. सकाळी टेबलावर वॉशर मोजून का ठेवले होते ते आत्ता कळतं. काका ट्रेमधले परत मोजायला लावतात. मेगरचा आकडा ठीक आहे. ट्रेचाही.

पंप सुरू होतात. आधी साधे पंप मोठा घास घेतात, मग टर्बो पंपांची पाती मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगात जातात आणि त्यांचा स्वर चढत जाऊन ऐकू येईनासा होतो. यानंतर करण्यासारखं काही नाही. चहा.

कँटीनमध्ये गप्पा इथल्या राहत नाहीत, जगाच्या होतात. इंग्लंडमधल्या कल्हम इथलं जेट हे यंत्र 2009 ते 2011 या काळात बंद ठेवून त्याची कार्बनची आतली भिंत काढली आणि बेरिलियम व टंगस्टनची बसवली. तिथे माणूस आत जाऊ शकत नाही. यंत्रात ट्रिटियम वापरलेलं, शिवाय बेरिलियमची धूळ विषारी. लांब यांत्रिक हाताने, पडद्यावर बघत, हजारो तुकडे एकेक करून बदलले. तेच जेट डिसेंबर 2023 मध्ये बंद झालं. त्या आधी त्याने एका प्रयोगात अणुकेंद्रकं जुळून सुटणारी, म्हणजे संलयनाची, 69 मेगाज्यूल ऊर्जा दिली. म्हणजे भिंत बदलल्यानंतर ते यंत्र आणखी दशकभराहून अधिक चाललं.

‘‘आणि ईटर?’’ शिकाऊ मुलगा विचारतो. ईटर म्हणजे फ्रान्समध्ये उभा राहत असलेला प्रचंड टोकामॅक, त्यात भारतही भागीदार आहे. त्याला बाहेरून गुंडाळणारा क्रायोस्टॅट गुजरातेतच, हजीरा इथे बनला. ताई सांगते ते ऐकण्यासारखं आहे. 2022 मध्ये तिथे दोन दोष उघडकीला आले. निर्वात पात्राच्या तुकड्यांच्या कडा हव्या त्या मापात नव्हत्या, आणि उष्णता अडवणाऱ्या ढालींवरच्या थंड हेलियमच्या नळ्यांना बारीक तडे गेले होते. तड्यांचं कारण क्लोरीनचे अंश, जे वेल्डिंगजवळ अडकून राहिले. यंत्र एकदाही सुरू व्हायच्या आत दुरुस्ती. आता संशोधनाचं काम 2034 मध्ये सुरू करायचं नवं वेळापत्रक आहे.

‘‘पुसायचं राहिलं,’’ काका म्हणतात आणि बशीत चहा ओततात.

काकांचं बोलणं तोडूनमोडून आहे, पण ताईच्या गोष्टीचा गाभा तोच. इथल्याच आवारातल्या एसएसटी-1 या दुसऱ्या टोकामॅकची गोष्ट निराळी नाही. त्याचे चुंबक अतिवाहक, साडेचार केल्व्हिनपर्यंत थंड करायचे. पहिल्या उभारणीनंतरच्या चाचण्यांत अडचणी निघाल्या. 2009 नंतर गुंडाळ्यांचे जोड नव्याने केले, प्रत्येक गुंडाळी थंड करून तपासली, आणि जून 2013 मध्ये पहिला प्लाझ्मा मिळाला. त्या मधल्या चार वर्षांत बाहेरून कुणी विचारलं असतं की तुम्ही काय केलंत, तर खरं उत्तर ‘जोड’ असं एकाच शब्दाचं होतं.

दुपारी परत हॉलमध्ये. दाब बऱ्यापैकी उतरलाय. आता गळती शोधायची. काकांच्या हातात हेलियमची बारीक तोटी, ताईसमोर हेलियम ओळखणारं यंत्र, ते पंपाच्या वाटेवर जोडलेलं.

‘‘सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो ना, तेच. फक्त उलटं,’’ काका म्हणतात. ‘‘आपण बाहेरून फुंकायचं, आणि आत बुडबुडा दिसतो का ते ताईंनी बघायचं.’’

आधी ताई मोजमापाची पक्की गळती उघडून यंत्राचं उत्तर तपासते. मग हॉलचा पंखा बंद होतो, वातानुकूलनही. हेलियम हवेहून हलका, तो वर जातो. म्हणून सुरुवात वरून करायची आणि खाली यायचं. खालून सुरू केलं तर वरचा जोड गळत असेल आणि दोष खालच्याच्या माथी मारला जाईल. नव्या खिडकीच्या कडेने तोटी इतकी सावकाश फिरते की मला ती थांबल्याचा भास होतो. ताई आकडे म्हणत राहते. कुणी बोलत नाही.

आकडा हलतो. थोडाच, पण हलतो.

काका तोटी बंद करून मागे होतात. कुणाच्या चेहऱ्यावर धावपळ नाही. ताई थांबायला सांगते. आकडा उतरतो, पुन्हा हळूच चढतो. काका मान वळवून दाराकडे बघतात. दार अर्धवट उघडं आहे, वारा आत येतोय. दार लावून, दहा मिनिटं थांबून, खिडकीभोवती प्लास्टिकची पिशवी बांधून तिच्यात हेलियम भरतात. आकडा जागचा हलत नाही. आधीचा हेलियम वाऱ्याबरोबर डिटेक्टरच्या मागच्या बाजूला गेला होता, आणि यंत्राने स्वतःलाच हुंगलं होतं. खोटी गळती शोधण्यात दिवस घालवणारेही इथे कमी झाले नाहीत, ताई हसत सांगते. खिडकी घट्ट आहे.

मग शेजारच्या पडद्यावर आतल्या वायूंची यादी येते. वजनाप्रमाणे खांब उभे: 2 हायड्रोजन, 18 पाणी, 28, 32, 40. शिकाऊ मुलगा 28 वर बोट ठेवतो. नायट्रोजन, म्हणजे हवा? ताई मान हलवते. 28 ला कार्बन मोनॉक्साइडही येतो आणि तो भिंतीतूनच सुटतो. बाहेरची हवा आत येत असेल तर 32 चा ऑक्सिजन आणि 40 चा आरगॉनही त्याच्याबरोबर वाढले असते. ते खाली आहेत. 18 मात्र उंच आहे. अर्थात, आज तोंड उघडलं होतं.

पाण्याला घालवायचा उपाय तापवणं. नळीभोवती गुंडाळलेल्या पट्ट्या तापवतात, भिंती गरम होतात, पाणी सुटतं, पंप ते बाहेर ओढतात. त्यानंतर ‘ग्लो’. नळीत थोडा हायड्रोजन सोडून मंद विद्युतझोत पेटवायचा, तो तासन् तास भिंतीवर मारा करत तिथला ऑक्सिजन आणि कार्बन सोडवत राहतो. हे सगळं का, तर शॉटच्या वेळी आत असणारा वायूच मुळात हवेच्या दहा लाखाव्या हिश्श्याहून विरळ असतो. त्यात भिंतीतून सुटलेला जरासा ऑक्सिजनही मोठा वाटेकरी ठरतो. तो प्रकाशाच्या रूपात ऊर्जा उधळतो, प्लाझ्मा कडेकडून थंडावतो आणि शॉट मधेच तुटतो.

साडेपाचला वही भरली जाते. कोणतं पोर्ट, कोणतं गॅस्केट, किती टॉर्क, मेगरचा आकडा, हेलियमचा आकडा, दाब. काकांचं अक्षर मोठं आणि सरळ. आकडी कपॅसिटरवरून काढली जाते, तिची वेळ वेगळी लिहिली जाते. रात्रपाळीचा माणूस येऊन सही करतो. पट्ट्यांचं तापमान तो पाहणार.

निघताना मी काकांना विचारतो, तुमच्यानंतर हे कोण करणार. ते शिकाऊ मुलाकडे बोट दाखवतात. ‘‘हा तयार होतोय. पण असे पंधरा पाहिजेत. हिंगोलीलाही लागणार.’’

हिंगोली ऐकून मी थांबतो. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटरच्या, आतून निर्वात ठेवायच्या. त्या निर्वात यंत्रणेची जबाबदारी याच भाटच्या संस्थेकडे आहे. इथे पोर्ट हाताच्या अंतरावर आहेत. तिथे जोडांची रांग कित्येक किलोमीटर चालून तपासावी लागेल.

हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या आयटीआयमध्ये फिटर आणि वेल्डरचा वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक सांगणं. निर्वाताचं काम, म्हणजे पुसणं, आवळणं, हेलियमने गळती शोधणं, मुलांना आत्तापासून शिकवायला घ्या. पुस्तकातून ते महिन्याभरात समजतं. हाताला यायला वर्षं लागतात, आणि वेधशाळा उभी राहील तेव्हा ही माणसं बाहेरून आणायची वेळ मराठवाड्यावर येऊ नये.